यादीतला तिसरा नंबर

पेल्टो तळ्यावरचं बर्फ त्या वर्षी मे महिन्याच्या सहा तारखेला गेलं आणि आर्लिस होक्कानेनला राग आला सात तारखेला, सकाळी साडेआठ वाजता. त्याआधी ती रागावलेली नव्हती असं नाही. पण तो तिचा नेहमीचा, घरगुती वापराचा राग होता. हा नवा होता.

"मी ग्रॅहम व्हिटलॉक," फोनवरचा माणूस म्हणाला. "ट्वेटांचं घर आम्ही घेतलं. आमचा तिसरा नंबर आहे ना? मग उद्याच येताय की मंगळवारी?"

"कसला तिसरा नंबर?"

"धक्क्याचा. तुमच्या यादीतला."

आर्लिसने हातातला कॉफीचा मग खाली ठेवला. तिची यादी शेडमध्ये आतल्या भिंतीवर होती, प्लायवुडवर सुतारी पेन्सिलीने लिहिलेली. चौतीस वर्षांत ती तिने कुणालाही वाचून दाखवली नव्हती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जाहिरातीतच होतं," म्हणत त्याने वाचायलाच सुरुवात केली. "'झोपायच्या खोल्या चार, वाळूचा किनारा दीडशे फूट, समोर सूर्यास्त, धक्क्याच्या यादीत तिसरा क्रमांक.' सूर्यास्तानंतर लगेच आहे बघा."

आर्लिसने फोन ठेवला. ठेवला म्हणजे ठेवलाच. तो पुढे तीन दिवस नीट चालला नाही.

तिचा धंदा असा की, बाहेरच्या माणसाला तो वेडेपणा वाटावा. हिवाळ्यात तळं दोन-अडीच फूट गोठतं, आणि ते बर्फ हलू लागलं की पाण्यात जे काही उभं असेल त्याच्या काड्या करतं. म्हणून ऑक्टोबरात तळ्याभोवतीचे, बोटीपर्यंत जायचे सगळे फळ्यांचे धक्के आणि बोटी उचलून धरणारे लोखंडी पाळणे सोडवायचे, काठावर रचायचे, आणि मे महिन्यात पुन्हा गार पाण्यात उतरून जसेच्या तसे जोडायचे. चौसष्ट घरं, चौसष्ट धक्के. मासेमारीचा मोसम कुठल्या शनिवारी उघडायचा ते सरकार ठरवतं. बर्फ कधी जायचं ते बर्फ ठरवतं. मधे जे दिवस उरतील ते आर्लिसचे. त्या वर्षी सहा उरले होते. रविवार सामान गोळा करण्यात जाणार, पुढे रोजचे दोन धक्के. म्हणजे शनिवारी पहाटे यादीतल्या पहिल्या दहा जणांच्या बोटी पाण्यात असणार आणि उरलेले चोपन्न जण काठावर उभे राहून त्यांच्याकडे बघत कॉफी पिणार. इथल्या माणसाला विचाराल तर नाताळ चुकला तरी चालेल, हा शनिवार चुकता कामा नये.

यादीतल्या प्रत्येक नंबराला कारण होतं. पहिला पूर्वेच्या खाडीतला, कारण तिथलं बर्फ सगळ्यात आधी जातं. दुसरा अग्निशमन दलाच्या बोटीचा, कारण बुडणारा माणूस यादी बघून बुडत नाही. आणि तिसरा पामर ट्वेटचा. लाकूड-गिरणीत पामरचे दोन्ही पाय गेले त्या वर्षी आर्लिसने त्याच्यासाठी सहा फूट रुंदीचा धक्का बांधला. बाकी सगळ्यांचे चार फुटी. सहा अशासाठी की, चाकांची खुर्ची टोकाला जाऊन वळली पाहिजे. तेव्हाच तिने त्याला नंबर तीन दिला. पामर जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. नंबर पेन्सिलीनेच लिहिलेला होता, पण तो तिच्याच्याने खोडवला नव्हता.

आणि आता तो सूर्यास्तानंतर लगेच विकला गेला होता.

सोमवारी ती पूर्वेच्या खाडीत छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून उभी होती आणि खांब ठोकत होती. खांब एरवी ठोकावे लागत नाहीत. वाळूवर टेकवून, पाणसळ लावून वरचा स्क्रू आवळला की झालं.

"कुणाला मारतेयस?" तराफ्यावरून वेंडलने विचारलं.

"खांबाला."

"खांबाचं नाव ग्रॅहम आहे काय?"

वेंडल हा तिचा पूर्वीचा नवरा. अठरा वर्षं संसार केल्यावर दोघांनी वाटणी केली. घर तिला गेलं, कुत्रा त्याला गेला. तराफा मात्र एकच होता आणि तो चालवायला दोन माणसं लागत. त्यामुळे घटस्फोट झाला तो फक्त जमिनीवर.

"नंबर माणसाला दिलेला असतो," आर्लिस म्हणाली. "घराला नाही. तो काय विहीर आहे, घराबरोबर विकायला?"

"बरोबर. मग माणूस मेल्यावर नऊ वर्षं तो कुणाला दिलेला होता?"

आर्लिसने खांबावर आणखी एक घाव घातला. अठरा वर्षांच्या संसारात वेंडल तीनदा बरोबर बोलला होता. ही चौथी वेळ, आणि संसाराबाहेर असल्यामुळे तिचा त्याला काही उपयोग नव्हता.

"आणि तो ट्रे परत कर," तो म्हणाला. "मार्चपासून गाडीत खडखडतोय. वळणावर दर वेळी माझ्या गुडघ्यावर येतो."

ट्रे पत्र्याचा, चौकोनी होता. तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने 'फिलिस ओग्रेन'. फिलिस आणि डेल्बर्ट ओग्रेन यादीत चोविसावे. मार्चमध्ये फिलिस स्वतः लिंबाच्या वड्या घेऊन शेडवर आली होती. "धक्क्याचं जेव्हा जमेल तेव्हा बघ हं," ती म्हणाली होती. "घाई नाही." आर्लिसने वड्या खाल्ल्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या.

दुसरा धक्का बसवून झाल्यावर, चारच्या सुमारास, ती तशीच ओल्या मोज्यांनी गुनवर ट्वेटला भेटायला गावातल्या वृद्धाश्रमात गेली. गुनवर म्हणजे पामरची बायको, सत्त्याऐंशी वर्षांची. खिडकीपाशी बसून ती पवनचक्कीच्या चित्राचे तुकडे जुळवत होती.

"तुमच्या मुलाने, लोवेलने, माझी यादी विकली," आर्लिस म्हणाली.

"बस तरी. लोवेल काहीही विकतो. माझं शिवणयंत्रसुद्धा विकलं त्याने, आत दोरा होता."

"त्याला नंबर कुणी सांगितला?"

"मीच सांगितला. त्याने विचारलं, या घरात सांगण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, छप्पर गळतं, तळघरात ओल आहे, पण धक्का आपल्याकडे तिसरा बसतो. एवढंच सांगण्यासारखं होतं, मी तरी काय करू?"

"नंबर पामरचा होता, गुनवर. त्याच्या खुर्चीसाठी होता."

"मग तो गेल्यावर कशाला यायचीस?" म्हातारीने हातातला आभाळाचा तुकडा टेबलावर आपटला. "मला पोहता येत नाही. मासे मला आवडत नाहीत. दर वर्षी तुला सांगत होते, माझी घाई नाही, माझी घाई नाही!"

"मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणताय."

"आणि मला वाटलं, तुला बिचारीला यायचं असतं. म्हणून मी पहाटे पाचला उठून कॉफी करायचे. नऊ वर्षं! मला पाचला उठायला अजिबात आवडत नाही, आर्लिस."

तुकडा उडून टेबलाखाली गेला होता. मग गुनवर म्हणाली, "ते आभाळ इकडे दे," आणि आर्लिसने टेबलाखालून तुकडा शोधून दिला.

या तळ्यावर कुणी काही मागत नाही, हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. ते मुलं दुधाबरोबर घेतात. घराला आग लागली तर माणूस फोनवर आधी समोरच्याची खुशाली विचारतो, मग हवेबद्दल बोलतो, आणि फोन ठेवता ठेवता म्हणतो की, सवड झाली तर बंब पाठवा. त्यामुळे 'घाई नाही' या शब्दांवरून घाई आहे की नाही ते कळत नाही. ते बाकीच्या गोष्टींवरून ओळखायचं असतं. आर्लिसला ते ओळखता येतं अशी तिची समजूत होती. चौतीस वर्षांची यादी तिने त्याच समजुतीवर लिहिली होती.

गाडी वृद्धाश्रमाच्या आवारातून वळली तसा ट्रे घसरत येऊन तिच्या गुडघ्यावर आपटला. तिने तो मागे ढकलला. आणि मग गाडी रस्त्यातच थांबवली.

मार्चमध्ये. तळ्यावर दोन फूट बर्फ होतं तेव्हा. धक्क्याची घाई नाही एवढं सांगायला चार मैल गाडी चालवत कुणी येत नाही.

डेल्बर्ट ओग्रेन अडतीस वर्षं शाळेची बस चालवत होता. आर्लिस लहानपणी शेवटच्या फाट्यावर राहायची, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. उणे तीसच्या सकाळी ती धावत यायची, एक बूट पायात आणि एक हातात, आणि बस उभी असायची. तिला टाकून बस एकदाही गेली नाही. दार उघडून डेल्बर्ट म्हणायचा, "घाई नाही, पोरी." मागे तीस मुलं थंडीने कुडकुडत तिला शिव्या देत असायची. त्याला चोविसावा नंबर तिने का दिला होता? कारण त्याने कधी काही म्हटलं नव्हतं. यादीतल्या प्रत्येक नंबराला कारण होतं ते असं.

ओग्रेनांच्या दारात ती ट्रे हातात घेऊन उभी राहिली तेव्हा तिचे कान लाल झालेले होते.

"अगं, ट्रेची काय घाई होती?" फिलिस म्हणाली.

आत खिडकीपाशी डेल्बर्ट बसला होता. नाकात प्राणवायूची नळी, पायाशी चाकं असलेल्या गाडीवर सिलिंडर, शेजारी वॉकर. खिडकीतून तळं दिसत होतं आणि काठावर त्याची हिरवी बोट पालथी.

"बर्फ गेलं," तो म्हणाला.

"गेलं," आर्लिस म्हणाली. "किती दिवस झाले असं?"

"नाताळपासून."

"आणि पुढे?"

डेल्बर्टने खांदे उडवले. "डॉक्टर म्हणतो, लाकडं फोडून ठेवायच्या भानगडीत पडू नका. सप्टेंबरात म्हणे लागायची नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीत?" आर्लिस ओरडली. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी ओरडत होतं. फिलिसने सवयीने रेडिओ बारीक केला, तो बंदच होता. "शनिवार पाच दिवसांवर आलाय! तुम्ही चोविसावे आहात! दोन महिने मी काय, मनकवडी आहे?"

फिलिस ओशाळली. "वड्या आणल्या होत्या ना."

"वड्या!"

"लिंबाच्या," डेल्बर्ट म्हणाला, जणू तेवढ्याने प्रकरणाचं गांभीर्य स्पष्ट व्हावं. "ही दोन ट्रे करणार होती. मीच म्हटलं, नको. दबाव आणल्यासारखं दिसेल."

आर्लिसने ट्रे टेबलावर ठेवला. तिला फिलिसचा राग आला, डेल्बर्टचा आला, लोवेलचा आणि व्हिटलॉकचा तर होताच. आणि या सगळ्या गर्दीत एक बाई कोपऱ्यात गप्प उभी होती, जिने मार्चमध्ये सगळ्या वड्या उभ्या उभ्या खाल्ल्या होत्या आणि ट्रे पुसून घेतला होता. सगळ्यात जास्त राग त्या बाईचा, म्हणजे स्वतःचाच, आला.

"उद्या येते," ती म्हणाली.

"बाकीच्यांना ताटकळत ठेवू नकोस आमच्यासाठी," डेल्बर्ट म्हणाला.

"गप्प बसा," आर्लिस म्हणाली, आणि बाहेर काठावर जाऊन त्याच्या धक्क्याच्या रचलेल्या फळ्यांवर हाताची वीत टाकून मोजू लागली. चार फूट. वॉकर, सिलिंडरची गाडी आणि हात धरायला फिलिस. चार फुटांत एवढं सगळं मावणार नव्हतं. मोजून झाल्यावर तिने पुन्हा मोजलं. चारच भरले.

मंगळवारी सकाळी तराफा व्हिटलॉकच्या किनाऱ्याला लागला तेव्हा ग्रॅहम व्हिटलॉक पायऱ्या उतरून जवळजवळ धावत आला. चाळिशीचा माणूस, बूट नवे. काठावर अॅल्युमिनियमच्या नव्या धक्क्याची खोकी रचलेली होती, आणि बाजूच्या झुडपात पामरचा सहा फुटी धक्का, तुकडे एकावर एक.

"आलात! मला वाटलं, तुम्ही रागावलात की काय. नवा बसवायचा तो हा. जुना घेऊन जाता येईल का? टाकूनच द्यायचाय."

"जुना नेते," आर्लिस म्हणाली आणि वेंडलने पहिला तुकडा उचललासुद्धा.

"आणि नवा कधी?"

"तुमचा नंबर चोवीस."

व्हिटलॉकचा चेहरा हळूहळू बदलला. "शनिवारी माझे सासरे येणार आहेत मिनियापोलिसहून. दोन मेव्हणे येणार आहेत. कागदावर लिहिलंय तीन!"

"कागद लोवेलचा. यादी माझी."

"मग तुमच्या यादीत वर जायचं कसं, तेवढं तरी सांगा! अर्ज करायचा असतो? पाया पडायचं असतं? मी सहा जणांना विचारलं. सगळे म्हणतात, हां, आर्लिसची यादी, आणि पावसापाण्याबद्दल बोलायला लागतात!"

आर्लिस गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या लक्षात आलं की, चौतीस वर्षांत या तळ्यावर सरळ तोंडाने मागणारा हा पहिलाच माणूस, आणि म्हणूनच तो तिला इतका उद्धट वाटत होता. या शोधाने तिचा राग कमी झाला नाही. उलट, ठेवायला जागा नसल्यासारखा तो हातातच राहिला.

"कारण लागतं," ती म्हणाली.

"कसलं?"

"पलीकडे एक माणूस मरतोय. त्याला शनिवारी मासे धरायचेत. सिलिंडर घेऊन जायला त्याला हा रुंद धक्का लागतो. तुमचा नंबर त्याला दिला."

व्हिटलॉकने पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं. मग भडकला. "मग हे आधी सांगायचं ना! मी काय नाही म्हटलं असतं? रविवारी फोन आपटलात, आज चोवीस म्हणताय. माणसाने ओळखायचं कसं?"

तराफ्यावर वेंडल खोकला. तो खोकला आर्लिसने अठरा वर्षं ऐकला होता.

"उचलायला या," ती व्हिटलॉकला म्हणाली.

त्याने एक तुकडा धरला. चुकीच्या टोकाला धरला, आणि नवे बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले, पण सोडला नाही. सगळे सात तुकडे तराफ्यावर चढले तेव्हा तो म्हणाला, "मी अजून चिडलेलो आहे."

"मीपण," आर्लिस म्हणाली.

ओग्रेनांकडे तळ खडकाळ निघाला. पामरच्या धक्क्याचे खांब दुसऱ्या किनाऱ्याच्या मापाचे. तीन कापावे लागले, दोन लांब करावे लागले. वेंडल पाणसळीचा बुडबुडा बघत "वर, वर, थोडं खाली, अगं थोडं म्हटलं!" असं सांगत राहिला आणि आर्लिस कमरेएवढ्या पाण्यात, बोटं बधिर झालेली, पान्याने स्क्रू आवळत आणि सगळ्यांना शिव्या देत राहिली: बर्फाला, सरकारला, लोवेलला, लिंबांना. खिडकीतून डेल्बर्ट बघत होता. दोन वेळा फिलिस सांगून गेली की, उरलेलं उद्या केलंस तरी चालेल. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा आर्लिसने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती न बोलता कॉफी ठेवून गेली.

शेवटी बोटीचा पाळणा. तो त्यांनी धक्क्याला इतका चिकटून बसवला की, बोट वर उचललेली असताना तिचा काठ आणि फळ्या एका पातळीत येत होत्या. पाय उचलायला नको. सरकवला की माणूस बोटीत. मग चाक फिरवून पाळणा खाली सोडायचा, बोट तरंगू लागेपर्यंत. एवढ्या एका गोष्टीला पूर्ण दुपार गेली, आणि त्या दिवसाचा दुसरा धक्का राहिला तो राहिलाच. दहाव्या नंबरच्या घरचे लोक शनिवारी काठावर कॉफी पीत होते. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर आर्लिसने या वेळी सांगितलं असतं.

शनिवारी सकाळी सातला आर्लिस आणि वेंडल पुढच्या कामाला निघाले होते. ओग्रेनांच्या समोरून तराफा जाताना तिने इंजिन मंद केलं. डेल्बर्ट बोटीत बसला होता. बोट पाळण्यातच होती, पाण्यावर डुलत. तो कुठे जाणार नव्हता. सिलिंडर धक्क्यावर, नळी बोटीत, गळ पाण्यात. फिलिस शेजारी खुर्ची टाकून बसली होती, आणि तिच्या मागून आणखी एक खुर्ची गेली असती एवढी जागा शिल्लक होती.

"फार रुंद झालाय," डेल्बर्ट ओरडला, म्हणजे त्याला जमलं तेवढं. "विमान उतरेल यावर."

"काही लागलं?"

"एक. छोटा होता, सोडला." मग थोडा श्वास घेऊन तो म्हणाला, "तसं येत्या सोमवारी केलं असतंस तरी चाललं असतं. घाई नव्हती."

आर्लिसने इंजिन बंदच केलं. तराफा वाऱ्याने आडवा होऊ लागला.

"डेल्बर्ट," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाही. एकदा म्हणा, हवा होता म्हणून."

वेंडल टोपीची कड बघू लागला. फिलिस तळ्याच्या पलीकडच्या झाडांकडे. डेल्बर्टने गळाची दोरी थोडी ओढली, थोडी सोडली. चेहरा लाल झाला होता, प्राणवायूने असेल.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "नसता झाला तर बरं वाटलं नसतं."

त्या तळ्यावर याहून मोठ्याने कुणी काही मागितल्याची नोंद नाही. आर्लिसने मान हलवली आणि इंजिन चालू केलं, पण फिलिस घाईने उठून धक्क्याच्या टोकाला आली होती. तिच्या हातात तोच ट्रे होता, वर कागद झाकलेला.

आर्लिसने हात पुढे केला नाही.

"हे कशासाठी?" तिने विचारलं. "आधी सांगा. मग घेते."

"अगं, सहज केल्या."

"सहज म्हणजे काय? काय हवंय? कुणाला काय झालंय?"

"काही नाही गं! नुसत्या वड्या आहेत!"

आर्लिसने ट्रे घेतला आणि तराफ्याच्या फळीवर, दोघांच्या मधोमध ठेवला. पुढच्या धक्क्यापर्यंत, म्हणजे चांगली वीस मिनिटं, तिने त्याला हात लावला नाही, आणि वेंडलने लावला तेव्हा त्याच्या बोटांवर चापट मारली.